टूं वाजलं, पण पैसे आले नाहीत: टॅप पेमेंट अडतं तेव्हा दोष कुठे शोधायचा

तक्रार एकच असते, गावं तेवढी बदलतात. जळगावच्या फुले मार्केटमधलं कापड दुकान असो, पारोळ्याजवळ हायवेवरचा पेट्रोल पंप असो की शहाद्यातलं कृषी केंद्र. गिऱ्हाईक पैसे द्यायला कार्ड मशीनवर नुसतं टेकवतं, म्हणजेच टॅप करतं; कधी मशीन गप्प बसतं, कधी टूं वाजतं आणि मागोमाग ‘डिक्लाइन्ड’, म्हणजे नकार, येतो. तेच कार्ड खाचेत घातलं की चालतं. मग समोरून प्रश्न येतो, “भाऊ, हाई कार्ड काबर चालत नही?” दुकानदार मशीन बंद करून चालू करतो, बँकेच्या माणसाला फोन लावतो, तो मशीन बदलून जातो आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं. कारण बऱ्याच वेळा दोष मशीनमध्ये नसतोच. तो कार्डात, काउंटरच्या पत्र्यात, बँकेच्या ॲपमधल्या एका बटणात किंवा सिमच्या सिग्नलमध्ये असतो.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवायची ती त्या आवाजाबद्दल. टूं वाजलं आणि मशीनवरचे चारही दिवे लागले याचा अर्थ पैसे मिळाले असा नाही. कार्डाकडून जे वाचायचं होतं ते वाचून झालं, आता कार्ड बाजूला घ्या, एवढंच ते सांगतात. पैशांचा निर्णय त्यानंतर होतो, मशीन तुमच्या बँकेला विचारतं आणि ती गिऱ्हाइकाच्या बँकेला विचारते तेव्हा. म्हणून कुठलीही तक्रार आली की आधी विचारा: अडलं ते आवाजाच्या आधी की नंतर? आधी अडलं तर दोष हात, कार्ड, काउंटर आणि मशीन यांच्यात आहे. नंतर अडलं तर तो बहुधा नेटवर्क किंवा बँकेकडे आहे, तिथे कार्ड घासून-पुसून काही उपयोग नाही.

अदलाबदल करून बघा

टॅप पेमेंट कुणा एका कंपनीच्या मालकीच्या पद्धतीवर चालत नाही. कार्ड आणि मशीन यांच्यातला रेडिओचा भाग आयएसओ १४४४३ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ठरतो: १३.५६ मेगाहर्ट्‌झ, टॅप पेमेंटमध्ये साधारण चार सेंटिमीटरच्या आतलं अंतर. त्यावरून जाणाऱ्या आज्ञा आणि उत्तरं आयएसओ ७८१६ च्या पद्धतीची असतात. व्यवहार कसा करायचा हे ईएमव्ही, म्हणजे कार्ड-कंपन्यांचं सामाईक नियमपुस्तक, सांगतं, आणि ती कागदपत्रं कुणालाही मोफत वाचता येतात. मशीनपासून बँकेपर्यंतचा निरोप आयएसओ ८५८३ च्या साच्यात जातो. हे सगळं उघड आणि सर्वांना सारखं असल्यामुळे कुठल्याही बँकेचं रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड कुठल्याही बँकेच्या मशीनवर चाललंच पाहिजे. दुरुस्तीच्या दृष्टीने हा मोठाच फायदा, कारण एका वेळी एकच वस्तू बदलून दोष पकडता येतो.

अडलेलं कार्ड शेजारच्या दुकानातल्या मशीनवर टेकवा. तिथे चाललं तर संशय तुमच्या मशीनवर किंवा काउंटरवर. तिथेही अडलं तर कार्डावर किंवा त्याच्या बँकेवर. मग तुमच्या मशीनवर दुसऱ्या बँकेचं आणि दुसऱ्या जाळ्याचं कार्ड टेकवा, म्हणजे रुपे अडत असेल तर व्हिसा. सगळी व्हिसा चालतात आणि सगळी रुपे अडतात असं दिसलं तर मशीन बिघडलेलं नाही, त्यात रुपेचा टॅप चालू केलेला नाही किंवा त्याची माहिती जुनी आहे. ही पाच मिनिटांची तपासणी न करता मशीन बदलून मागणं म्हणजे ताप मोजण्याआधीच सलाइन लावणं.

मशीन गप्पच बसतं

आधी कार्ड बघा. त्यावर आडवे चार कंस आहेत का? लोक त्याला ‘वायफायवालं कार्ड’ म्हणतात, पण वायफायशी त्याचा काही संबंध नाही. ते चिन्ह नसेल तर कार्डात अँटेनाच नाही, ते टॅप होणारच नाही.

चिन्ह आहे तर कार्ड नेमकं कुठे टेकवलं जातंय ते पाहा. मशीनची अँटेना प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी असते: कुठे पडद्याखाली, कुठे पडद्याच्या वर, कुठे प्रिंटरच्या झाकणाजवळ. जिथे चार कंस आणि हाताचं चित्र असेल तिथेच कार्ड आडवं, सपाट धरायचं. रक्कम टाकून पहिला दिवा लागल्यावरच टेकवायचं आणि चार दिवे लागेपर्यंत हलवायचं नाही. वाचायला लागतो जेमतेम अर्धा सेकंद, पण गिऱ्हाईक स्वाइपच्या सवयीने कार्ड सर्रकन फिरवतं आणि वाचन अर्ध्यात तुटतं. कार्डात बॅटरी नसते. मशीनच्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्याला वीज मिळते, कार्ड दूर गेलं की चिप विझते.

पाकिटासकट टेकवलं तर हमखास घोटाळा. पाकिटात दोन-तीन टॅप कार्डं असली की मशीनला सगळ्यांची उत्तरं एकदम येतात. अशा वेळी मशीनने स्वतः एक निवडायचं नाही, थांबायचं आणि एकच कार्ड दाखवायला सांगायचं, असा ईएमव्हीचा नियम आहे. मोबाइलच्या कव्हरमध्ये कार्ड ठेवणाऱ्यांचंही तेच होतं, कारण फोनमधला एनएफसी, म्हणजे टॅपसाठीचा जवळचा रेडिओ, मध्ये येतो. कार्ड बाहेर काढून एकटं टेकवा.

आता काउंटर. हे कारण फार दुर्लक्षित राहतं. स्टीलच्या पत्र्यावर, लोखंडी गल्ल्यावर किंवा सराफी दुकानातल्या धातूच्या चौकटीच्या शोकेसवर मशीन ठेवलं की अँटेनाचं क्षेत्र धातूत शिरतं, धातूत भोवरी प्रवाह तयार होतात आणि क्षेत्र कमकुवत पडतं. मशीन हातात घेतलं की चालतं आणि काउंटरवर ठेवलं की अडतं, ही त्याची खूण. उपाय फुकटचा आहे: मशीनखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी ठेवा. दोन मशीनं किंवा मशीन आणि टॅपवाला साउंडबॉक्स एकमेकांना चिकटून असतील तर त्यांची क्षेत्रंही एकमेकांत मिसळतात. मध्ये निदान दीड-दोन वीत अंतर ठेवा.

हे सगळं ठीक असूनही एकच कार्ड प्रत्येक मशीनवर गप्प राहत असेल आणि चिपने मात्र चालत असेल, तर त्याची अँटेना तुटली असं समजा. चिप एकच असते, तिला दारं दोन: एक सोनेरी पट्टीचं, दुसरं अँटेनाचं. बऱ्याच कार्डांत अँटेनाची बारीक तार कडेकडेने गुंडाळून चिपला जोडलेली असते. पँटच्या मागच्या खिशात वर्षभर वाकलेल्या कार्डात हा जोड सुटतो. गळ्यातल्या दोरीत अडकवायला कार्डाला भोक पाडलं तर तारच तुटते. भोक पाडलेलं कार्ड चिपने चालत राहतं, त्यामुळे माणसाला संशयही येत नाही.

खात्री करायची सोपी रीत आहे. ज्या अँड्रॉइड फोनमध्ये एनएफसी आहे तो अनलॉक करा, एनएफसी चालू करा आणि कार्ड फोनच्या पाठीवर हळूहळू सरकवा. फोनने आवाज केला किंवा थरथरला तर अँटेना जिवंत आहे. तीन-चार कार्डांवर आवाज येतो आणि या एकावर येत नाही, तर बँकेकडून कार्ड बदलून घ्या. यासाठी कार्ड वाचणारं अनोळखी ॲप मात्र टाकू नका, कारण असं ॲप कार्डाचा नंबर आणि मुदतीची तारीख वाचू शकतं.

उन्हाचंही बोलायला हवं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. लोटगाडीवर किंवा पंपावर उन्हात पडलेलं काळ्या प्लास्टिकचं मशीन आतून त्याहून बरंच जास्त तापतं आणि मग अडखळतं किंवा स्वतःहून बंद पडतं. सावलीत, कापडाखाली ठेवा, पण बंद डब्यात नको. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. ते मशीन चार्जिंगला लावू नका, लगेच बदलून मागा.

‘कार्ड घाला’ असा निरोप येतो

हा बिघाड नसून बहुधा नियम असतो. भारतात पिनशिवाय टॅपची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून एका व्यवहाराला ५,००० रुपये आहे, त्याआधी ती २,००० होती. त्यावरच्या रकमेलाही टॅप करता येतो, पण पिन द्यावाच लागतो. जळगावच्या सराफ बाजारात बिलं सहसा ५,००० च्या वरच असतात, तिथे ‘टॅप केलं तरी पिन मागतं’ ही तक्रार मुळात तक्रारच नाही. काही जुनी मशीनं टॅपनंतर पिन घेण्याऐवजी सरळ ‘इन्सर्ट कार्ड’ म्हणतात, तिथे चिप घाला. पिन टाळायला १२,००० चं बिल तीन तुकड्यांत टॅप करण्याची युक्ती काही ठिकाणी चालते, ती करू नका. पिन हे गिऱ्हाइकाचं संरक्षण आहे आणि असे तुकडे बँकेच्या नजरेत संशयास्पद ठरतात.

रक्कम लहान असूनही चिप मागत असेल तर तीन गोष्टी बघा. एक, गिऱ्हाइकाने बँकेच्या ॲपमध्ये टॅपची मर्यादा स्वतःच कमी ठेवलेली असते आणि विसरलेला असतो. दोन, लागोपाठ बरेच टॅप झाले की कार्ड किंवा बँक एकदा पिन मागते, चिपने एक व्यवहार केला की पुढचे टॅप पुन्हा सुरू होतात. तीन, कार्ड नवं कोरं आहे. बऱ्याच बँकांची नवी कार्डं एकदा चिप घालून पिनने वापरल्याशिवाय टॅप घेत नाहीत.

वाजतं, पण ‘डिक्लाइन्ड’ येतं

खान्देशात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बंद बटण. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतंच चालू असतं. टॅप, ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा असतो. कार्डावर चार कंस छापलेले असतात, अँटेना ठणठणीत असते, मशीन टूं करतं आणि बँक नाही म्हणते. बँकेच्या ॲपमध्ये ‘मॅनेज कार्ड’ किंवा ‘कार्ड कंट्रोल’ उघडा, ‘कॉन्टॅक्टलेस’ किंवा ‘टॅप अँड पे’ चालू करा, मर्यादा टाका. स्मार्टफोन नसलेल्यांना हेच नेटबँकिंग, एटीएम किंवा बँकेच्या फोनसेवेवरून करता येतं. गल्ल्यावर बसणाऱ्याने हे एकदा शिकून घेतलं तर निम्म्या तक्रारी जागेवर मिटतील.

मशीनच्या पावतीवर किंवा पडद्यावर दोन आकडी उत्तर-संकेत येतो, तो वाचायची सवय लावा. ५१ म्हणजे खात्यात पैसे कमी. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ५५ म्हणजे पिन चुकला. ५७ म्हणजे या कार्डाला अशा व्यवहाराची परवानगी नाही, आणि टॅपच्या वेळी ५७ आला तर पहिला संशय त्या बंद बटणावर घ्या. ५८ मध्ये नकार तुमच्या मशीनच्या परवानगीबद्दल असतो, फोन तुमच्या बँकेला करायचा. ६१ आणि ६५ मर्यादेचे: पहिला रकमेचा, दुसरा कार्ड किती वेळा वापरलं याचा. ९१ म्हणजे कार्डाची बँक उत्तरच देत नाही, दहा मिनिटं थांबा किंवा दुसऱ्या बँकेचं कार्ड घ्या. ०५ म्हणजे बँकेने कारण न सांगता नाही म्हटलं, त्याचा खुलासा फक्त कार्डधारकालाच त्याच्या बँकेकडून मिळतो.

संकेतच आला नाही आणि मशीन ‘कनेक्टिंग’वर अडकून ‘टाइमआउट’ झालं तर नेटवर्क. साधारणपणे बँका प्रत्येक टॅप ऑनलाइन विचारूनच मंजूर करतात, त्यामुळे सिग्नल नाही तर व्यवहार नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात कुठल्या कंपनीचा टॉवर कुठे पोचतो हे वळणावळणाला बदलतं. मशीन घेतानाच त्या जागी कोणत्या सिमला चांगला सिग्नल आहे हे फोनवर पाहून तेच सिम टाकून मागा. दोन सिमचं मशीन असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. वायफाय जोडता येत असेल तर फोनचा हॉटस्पॉट उपयोगी पडतो, पण फोनचं सिम मशीनच्या सिमपेक्षा वेगळ्या कंपनीचं हवं, नाहीतर अडचण तीच.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत अडचण दुहेरी. हजारो फोन एकाच टॉवरवर आल्याने डेटा रेंगाळतो, आणि शिवाय बरीच मशीनं वर्षातून एकदाच पेटीतून बाहेर निघतात. महिनोन्‌महिने बंद असलेल्या मशीनचं घड्याळ मागे पडतं. मशीन कार्डाची मुदत आणि प्रमाणपत्रं आपल्या तारखेशी ताडून बघतं, तारीखच चुकीची असेल तर चांगलं कार्डही नाकारलं जातं. कार्ड खरं आहे का हे तपासायला लागणाऱ्या कार्ड-जाळ्यांच्या सांकेतिक किल्ल्याही (पब्लिक की) मशीनमध्ये साठवलेल्या असतात, त्या जुन्या झाल्या तरी टॅप अडतो. यात्रेच्या आठ दिवस आधी मशीन चांगल्या नेटवर्कमध्ये पूर्ण चार्ज करा, तारीख-वेळ तपासा, मेनूतून पॅरामीटर (बँकेने मशीनमध्ये भरलेल्या सेटिंग) किंवा सॉफ्टवेअर अपडेट चालवा, आणि रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड प्रत्येकाचा एकेक छोटा टॅप करून बघा. दुकान मांडून झाल्यावर हे करायला बसलात तर अपडेटच उतरणार नाही.

फोनने टॅप

फोनमध्ये एनएफसी चिप असायला हवी. स्वस्त फोनमध्ये ती बहुधा नसते आणि कुठलंही ॲप टाकून ती येत नाही. ती असेल तर सेटिंगमध्ये एनएफसी चालू करा, ‘कॉन्टॅक्टलेस पेमेंट्स’मध्ये तुमचं पेमेंट ॲप मुख्य म्हणून निवडा, फोन अनलॉक करा आणि पाठ मशीनला लावा. लोक पडदा टेकवतात, अँटेना मात्र पाठीत असते, बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याच्या आसपास. चुंबकाचं किंवा धातूच्या रिंगचं कव्हर काढून बघा. रूट केलेल्या, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून बदललेल्या, फोनवर पेमेंट ॲपं सहसा टॅप चालू देत नाहीत.

फोनमध्ये कार्डाचा खरा नंबर नसतो, त्याऐवजी टोकन म्हणजे पर्यायी नंबर असतो. याचे दोन परिणाम दुकानात दिसतात. बँकेने कार्ड बदललं की जुनं टोकन कधीकधी निरुपयोगी होतं, कार्ड ॲपमधून काढून पुन्हा जोडावं लागतं. आणि पावतीवरचे शेवटचे चार आकडे गिऱ्हाइकाच्या प्लास्टिक कार्डाशी जुळत नाहीत. माल परत घेताना यावरून वाद होतात. परतावा त्याच फोनने टॅप करून द्या, आकडे जुळतील.

एक गैरसमज काही काउंटरांवर नवा आहे. क्यूआरच्या काही स्टँडमध्ये एनएफसी टॅग असतो, त्याला फोन लावला की यूपीआय ॲप उघडतं. त्या स्टँडवर कार्ड टेकवून काही होणार नाही. टॅगलाही बॅटरी नाही, कार्डालाही नाही, दोघांना वीज देणारं मध्ये कुणीच नाही.

मेट्रोचं कार्ड: घरी पैसे भरले, गेटवर शिल्लक शून्य

पुण्या-मुंबईला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांची ही नेहमीची अडचण. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात, म्हणजे एनसीएमसीत, दोन शिलका असतात. एक बँकेच्या सर्व्हरवर, दुसरी कार्डाच्या चिपमध्ये. मेट्रोचं गेट बँकेला विचारत बसत नाही, चिपमधली रक्कम ऑफलाइन कापतं. अमळनेरहून वडिलांनी ॲपवरून ५०० रुपये भरले तर ते सर्व्हरवर पोचतात, चिपला त्याचा पत्ताही नसतो. गेटवर जाण्याआधी स्टेशनच्या खिडकीवर किंवा मशीनवर कार्ड ठेवून ‘बॅलन्स अपडेट’ करून घ्या. काही बँकांच्या ॲपमध्ये एनएफसी फोनच्या पाठीला कार्ड लावूनही हे होतं. अपडेट संपेपर्यंत कार्ड उचलू नका, कारण इथे चिपवर लिहिलं जात असतं. चिपमध्ये जास्तीत जास्त २,००० रुपये राहतात, अपडेट नाकारलं तर आधीची शिलकीची रक्कम तपासा.

गेट उघडलं नाही आणि रक्कम कापल्यासारखी वाटली तर दुसऱ्या गेटकडे धावू नका, त्याच गेटवर तेच कार्ड पुन्हा स्थिर धरा, अर्धवट राहिलेलं लेखन बहुधा पूर्ण होतं. आत शिरताना नोंद झाली आणि बाहेर पडताना राहिली तर पुढच्या वेळी कार्ड अडतं, ते खिडकीवरच सोडवून मिळतं. चिपमधली रक्कम रोख पैशासारखी असते. बहुतेक बँकांच्या अटींनुसार कार्ड हरवल्यावर ती परत मिळत नाही, म्हणून लागेल तेवढीच ठेवा.

खात्यातून गेले, दुकानात आले नाहीत

गिऱ्हाइकाला मेसेज आला आणि तुमच्याकडे मंजुरीची पावती नाही. अशा वेळी लगेच दुसरा टॅप करू नका. मशीनच्या मेनूत शेवटचा व्यवहार किंवा दिवसाचा अहवाल काढा. नोंद मंजूर दिसली तर पैसे तुमचे आहेत, पावती पुन्हा छापा. नोंद नसेल तर व्यवहार उलटतो. मशीनवरच्या अशा अडलेल्या व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यावेत आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. ही मागणी कार्डधारकाने आपल्या बँकेकडे करायची. दुकानदाराने खिशातून पैसे परत देऊ नयेत, नाहीतर बँकेचे पैसे आल्यावर गिऱ्हाइकाला दुप्पट मिळतात.

तक्रार लिहिताना कार्डाचा पूर्ण नंबर किंवा पिन कुणालाही देऊ नका. लागतं ते एवढंच: मशीनचा टर्मिनल नंबर, तारीख आणि वेळ, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे, पावतीवरचा बारा आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) आणि उत्तर-संकेत. त्याखाली एक ओळ लिहा: अडलं ते आवाजाआधी की नंतर, आणि तेच कार्ड दुसऱ्या मशीनवर चाललं की नाही. या ओळीवरून पलीकडच्या माणसाला मशीन बदलायचं, पॅरामीटर पाठवायचे की कार्डाच्या बँकेकडे बोट दाखवायचं हे लगेच कळतं.